ताजबीचा आराम

धुळ्याच्या सर्जननी ताजबीचं मोठं आतडं काढलं, तेव्हा घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आतड्याच्या सुजेनं वर्षानुवर्षं रक्त जायचं. लग्नाच्या जेवणावरून उठून तिला संडास गाठावा लागायचा. आता शौचासाठी पोटाला पिशवी लागली होती, पण रक्त थांबलं होतं.

नवरा हाशम गाद्या भरायचा. जळगावच्या घरी त्यानं तिच्यासाठी जाडजूड गादी भरली आणि बजावलं, "पाय खाली टेकवायचा नाही."

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, हे ताजबीनं कुणाला सांगितलंच नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी तिला नुसतं पडू देत होतं.

सून अफरीन रोज तिला इंजेक्शन द्यायची. हाशमनं एकदा विचारलं, "हे कशाचं?"

"रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, अब्बा. रक्त पातळ राहतं यानं."

"रक्त थांबावं म्हणून दवाखाने पालथे घातले आणि आता पातळ करायचं? बंद कर."

अफरीननं सासऱ्याचं ऐकलं. इंजेक्शनं फ्रिजमध्येच राहिली.

आठवड्याभरात ताजबीचा डावा पाय भरला. शेजारच्या कुंदाबाई बघायला आल्या नि म्हणाल्या, "कसा भरेल शे पाय! आराम मानवला तुले." हाशमची छाती फुगली. त्यानं मटण आणलं.

अफरीन मात्र पायांकडे बघत राहिली. "अम्मी, मग उजवा का नाही भरला?"

ताजबीनं पाय चादरीखाली ओढून घेतला. "पोटरी दुखते गं. सांगितलं असतं तर परत दवाखान्यात नेलं असतं."

तसंच नेलं. सोनोग्राफीत पायाच्या शिरेत गुठळी निघाली.

"आतड्याच्या या आजारात रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतर जास्तच, घरी गेल्यावरही काही आठवडे. ही गुठळी फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. इंजेक्शनं का थांबवली?"

"साहेब, मी तिला जपत होतो," हाशम म्हणाला.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहू लागले.

गोळ्या काही महिने चालणार आहेत. सूज उतरली. रोज संध्याकाळी ताजबी कुरकुरत गल्लीत फेऱ्या मारते. हाशमही सोबत निघतो, पण दोन फेऱ्यांतच त्याला धाप लागते आणि तो मशिदीच्या पायरीवर टेकतो.

"तू हो पुढे," तो म्हणतो.

ताजबी त्याच्याकडे एकदा बघते आणि पुढे चालू लागते.