तांबड्या पाण्याचा तज्ज्ञ

एकतीस वर्षं मी कोळशाच्या खाणीतलं पाणी पंपाने उपसून ओढ्यात सोडलं. ओढा तांबडा झाला, मासे मेले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. खाण बंद पडली तरी तिच्या तोंडातून पाणी वाहतच राहिलं. ते सुधारायचं काम नेमकं माझ्याच लेकीकडे आलं.

लेक इंजिनिअर. राग नाकाच्या शेंड्यावर, तोही माझ्याकडूनच घेतलेला. पाण्यातलं आम्ल मारायला तिने लांबलचक उघडा चर खणून त्यात चुनखडीचे दगड भरले. काही दिवस झकास चाललं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कामाची पाहणी करणारे सरकारी साहेब बजावून गेले, दोन महिन्यांनी तपासायला येतो, पाणी सुधारलं नसेल तर काम बंद. लेकीचं जेवणावरचं लक्षच उडालं. मला ते बघवेना.

मी न बोलावता चरावर गेलो, एक दगड उचलला आणि किल्लीने खरवडला. वर गंज, आत पांढराशुभ्र.

"बाबा, उन्हात कशाला आलात? घरी बसा ना!"

"दगड चांगलाय गं. गंजामुळे त्याला पाणीच लागत नाही."

"दिसतंय मला! पाण्यात लोखंड आहे, गंज चढणारच."

"का चढणार? खाली पंपापाशी पाणी काचेसारखं नितळ असायचं. वर येऊन हवा लागली की मग तांबडं व्हायचं."

तिने माझ्या हातातला दगड घेऊन उलटसुलट पाहिला. मग तिने कपाळावर हात मारला.

"म्हणजे हवा लागायच्या आधीच पाण्याने दगड गाठायला हवा! हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंस कधी?"

चर मोडला. नवे दगड खाणीच्या तोंडालगत खोल पुरले, वर प्लास्टिक, त्यावर चिकणमाती. पाणी आधी दगडांतून जाणार, मग उघड्या तळ्यात. गंज तिथे तळाशी बसला तर खुशाल बसू दे.

साहेब आले. तळ्याच्या पुढच्या टोकाला नितळ पाणी ओढ्यात पडत होतं. त्यांनी कागदी पट्टी बुडवली. आम्ल असलं की ती लाल होते. पट्टी हिरवी झाली! लेक किंचाळली. मीही किंचाळलो, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी तपासणीचा कागद पुढे केला. 'तज्ज्ञाची सही' लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवून लेकीने तो माझ्याकडे सरकवला.

डोळे भरून आले होते, म्हणून मी चष्मा शोधायचं नाटक केलं. मग ठसठशीत सही ठोकली आणि खाली हुद्दा लिहिला: पंपवाला.