एका माणसापुरती माती

आमचे मालक ईश्वरप्पा शेवटपर्यंत अनवाणीच चालायचे. कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानाला कडेकडेनं काळ्या मातीची पायवाट, तिच्यावर रोज सकाळी पाच फेऱ्या. शुगर हाय, पायात चप्पल घाला म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकतील तर शपथ! मग एक दिवस बाभळीचा काटा शिरला, जखम चिघळली, डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. त्या रागात मीच महापालिकेत अर्ज दिला, पायवाटेवर ब्लॉक बसवा म्हणून. गल्लीतल्या बायकांच्या सह्याबी मीच गोळा केल्या.

ते गेले त्याला दीड वर्ष झालं. आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवतात. पुढं घर खायला उठलं, तशी मी सकाळी मैदानात जाऊ लागले. चप्पल हातात घेतली ती सहज. अन काय सांगू, लई बरं वाटलं की! दवानं भिजलेली माती तळव्याला गार लागती, पुढं मुरूम टोचतो, लिंबाखाली वाळका पाला चुरचुरतो. एवढं सुख हा माणूस एकटाच घेत होता व्हय, म्हणून मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या फेरीला बघते, तर माझ्या पावलांशेजारी आणखी पावलं. मोठी. डाव्याला चारच बोटं.

अय्यो, शिवा शिवा! पळत घरी आले, दार लावून बसले. पण दुसऱ्या दिवशी गेलेच. मागं वळलं की पावलं असायची, माणूस न्हाय. भीती वाटायची, अन एखाद्या दिवशी दिसली न्हाईत तर काय करू, ह्याची जास्त वाटायची. वर्षभर आमी दोघं असंच चाललो.

गेल्या महिन्यात ब्लॉकची गाडी आली. ठेकेदार मुबीन, बोलायला गोड माणूस. मी गाडीपुढं उभी राहिले.

"ब्लॉक नको रे बाबा. माती राहू दे."

त्यानं कागद काढला. "नागव्वा मावशी, पयली सही तुमचीच हाय की."

माझीच होती. मी हात जोडले, रडले. खरं कारण सांगायची सोय न्हवती, येडी म्हणाला असता. शेवटी तो म्हणाला, "कडेनं हातभर माती सोडतो. त्याच्यावर काय मागू नका."

ब्लॉक बसले. कडेला राहिलेली मातीची पट्टी एका माणसापुरतीच. पयल्या सकाळी मी हावरटासारखी तिच्यावरनंच चालले. सगळ्या फेऱ्या झाल्या, पावलं माझी एकटीची. दुसऱ्या दिवशीबी तसंच. तिसऱ्या दिवशी तितंच खाली बसून हमसून रडले. त्यांना पाय ठेवायला मी जागाच ठेवली न्हवती.

चौथ्या दिवसापासनं मी ब्लॉकवर चालते. गुडघे ठणकतात, मातीकडं बघून तळवे शिवशिवतात. पण शेजारच्या पट्टीवर त्यांची पावलं उमटतात. मी बोलते, ते चालतात.

आज दम लागला म्हणून मधेच थांबले. खाली बघितलं. त्यांची पावलंबी थांबली होती, माझ्याकडं तोंड करून.

"बघताय काय असं? न्यायला आलात व्हय?" मी म्हणलं. "थांबा की जरा. एवढी फेरी पुरी होऊ द्या."