साहेबांच्या घरचा जंतू

शहराच्या पाणीखात्याचे मुख्य अभियंता म्हणजे आत्मविश्वासाचा महापूर. टेकडीखालच्या वस्तीत जुलाबाची साथ आली, निम्मी वस्ती पोट धरून बसली. नळाच्या पाण्यात मैल्यातला ई. कोलाय जंतू सापडल्याचं प्रयोगशाळेनं कळवलं, तेव्हाही साहेब शांतच राहिले. इतके शांत, की पाणी बंद करण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

"अहो, ई. कोलाय कोणाच्या पोटात नसतो?" वस्तीतल्या सभेत त्यांनी विचारलं. "तो तर आपला घरचाच जंतू!" आणि सर्वांसमोर नळाचं पेलाभर पाणी घटाघटा प्यायले. टाळ्या वाजल्या, वाजवणारे त्यांच्याच खात्यातले होते.

साहेबांच्या बंगल्यालाही त्याच जलवाहिनीचं पाणी. घरी बायकोनं पातेलं गॅसवर चढवलेलं पाहून ते भडकले. "बंद कर ते! माझ्याच घरात पाणी उकळतात हे बाहेर कळलं तर काय शोभा राहील?"

"शोभेचं राहू द्या, तुमच्या बाबांच्या वयाचा तरी विचार करा."

"बाबा जन्मभर नळाचंच पाणी पीत आलेत."

गॅस बंद झाला. थोड्याच दिवसांत घरच्या जंतूनं साहेबांच्या पोटात बिऱ्हाड थाटलं. भर बैठकीतून ते तीरासारखे सुटत आणि परत येऊन कपाळ पुसत म्हणत, "पित्त हो, पित्त!"

वडिलांचं मात्र पित्तावर भागेना. जुलाबातून रक्त पडू लागलं. साहेबांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. अभियंत्याला गळती थांबवता येणारच. म्हातारबाबांची लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा त्यांना इस्पितळात हलवलं.

"गोळ्या कोणी दिल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी."

"वा! ई. कोलायच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात, पण ही विष सोडणारी आहे. आतडं सोलून काढते, आणि म्हाताऱ्यांच्या नि लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर उठते. रक्त पडत असताना जुलाब कोंडायचे नसतात. पाणी कुठलं पितात हे?"

साहेबांनी कपाळ पुसलं.

"यांच्याच खात्याच्या नळाचं," साहेबांकडे बोट दाखवत बायको म्हणाली.

साहेबांनी तिथूनच फोन लावून पाणी बंद करवलं, टँकर धाडले. खणल्यावर फुटक्या गटाराचं पाणी जलवाहिनीत झिरपताना सापडलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी साहेबांच्या तत्परतेचं तोंड भरून कौतुक केलं.

म्हातारबाबांची मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली. एका दुपारी चादर खराब झाली. नर्स दुसरीकडे गुंतलेली, म्हणून साहेबांनी स्वतःच ती बदलली, वडिलांना पुसून घेतलं आणि साबणानं हात धुतले.

"वस्तीतली पोरं कशी आहेत रे?" वडिलांनी क्षीण आवाजात विचारलं.

पोरं शेजारच्याच वॉर्डात होती. साहेबांनी तिकडे एकदाही डोकावलं नव्हतं.

"बघून येतो, बाबा," ते म्हणाले. त्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेले, आणि आत पाऊल टाकायचा धीर होईना म्हणून बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग आत गेले.