माझ्या पट्ट्यावर ‘लवकरच’ नाही

मित्रांनो, माझ्या तोंडावर आज जी तारीख आहे, तीच कालही होती आणि उद्याही राहील. तारखेच्या शिक्क्याला याहून मोठे दुःख नसते. ज्याने उभ्या आयुष्यात तारखेला कधी मुक्काम करू दिला नाही, त्याच्यावर अशी वेळ यावी! पण मी रडगाणे गाणार नाही. माझे आयुष्य चांगल्या माणसांच्या हातात गेले आणि मला त्यांच्याचविषयी सांगायचे आहे.

माझा जन्म एका चिंचोळ्या दुकानात झाला. कारागिराने लोखंडी सांगाड्यात तीन रबरी पट्टे बसवले: एक दिवसांचा, एक महिन्यांचा, एक वर्षांचा. प्रत्येकाला फिरवायला एक दातेरी चाक. तारखेच्या वर ‘मिळाले’ हा शब्द आणि डोक्यावर लाकडी मूठ. वर्षांच्या पट्ट्यावर फक्त बारा वर्षे मावली. कारागिराने मला कागदावर दाबून पाहिले, जाडजूड भिंगातून निरखले आणि म्हणाला, “बारा वर्षं इमानेइतबारे काम कर. पुढचं पुढे बघू.”

तिथून मी आलो तो थेट जिथे देशाचे कायदे होतात त्या इमारतीत. तिसरा मजला, प्रश्न शाखा, खिडकीजवळचे टेबल. तुम्ही म्हणाल, प्रश्नांची कसली शाखा? तर ऐका. लोकांनी निवडून दिलेले सदस्य सरकारला प्रश्न विचारतात. हे का केले नाही, ते कधी करणार? प्रश्न लेखी द्यावा लागतो आणि मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. प्रत्येक प्रश्न आधी आमच्या टेबलावर येई. मी त्यावर ‘मिळाले’ म्हणून तारीख उठवली की तो खरा प्रश्न झाला. तोवर तो नुसता कागद.

टेबलावर काका बसत. त्यांचे खरे नाव त्यांच्या पगारपत्रकावर असेल, बाकी शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. बुटके, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. घरून निघायला उशीर होऊ नये म्हणून मनगटावरचे घड्याळ ते कायम पाच मिनिटे पुढे ठेवत. त्यांचा एक नियम मला फार आवडे. प्रश्न घेण्याची वेळ दुपारी तीनपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले रे वाजले, की काका माझे दिवसाचे चाक एक दाता पुढे सरकवत. तीननंतर आलेल्या कागदावर उद्याची तारीख पडे. एकदा एक वजनदार सदस्य तीन वाजून दोन मिनिटांनी आले. शेवटचा दिवस होता. त्यांनी गोड बोलून पाहिले, आवाज चढवून पाहिला. काकांनी हात जोडले. “साहेब, आता उद्याची तारीख पडेल आणि उद्याची चालणार नाही.” वजनदार सदस्य पाय आपटत गेले. त्या दिवशी मला माझ्या मुठीचा अभिमान वाटला.

सिस्टर आमच्याकडे आल्या तेव्हा मला सात वर्षे झाली होती. निवडून येण्याआधी त्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सभागृहातही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या दवाखान्यातली जुनी लिफ्ट एके दिवशी कोसळली होती. आत लिफ्टमन मामा होते. दवाखान्यातल्या प्रत्येकाचे मामा. ते वाचले नाहीत. शेवटपर्यंत त्यांचा हात सिस्टरांच्या हातात होता. नंतर कळले, की ती लिफ्ट नऊ वर्षांत कुणी तपासलीच नव्हती, कारण तपासली पाहिजे असा कायदाच नव्हता. सरकारने सभागृहात शब्द दिला, की पुढच्याच अधिवेशनात लिफ्टच्या तपासणीचा कायदा आणू. पुढचे अधिवेशन आले आणि गेले. त्याच्या पुढचेही. मग सिस्टर निवडणुकीलाच उभ्या राहिल्या.

त्यांचा प्रश्न दर अधिवेशनाला तोच असे. “लिफ्ट तपासणीचे विधेयक सभागृहात कोणत्या तारखेला मांडणार?” विधेयक म्हणजे मंजूर व्हायच्या आधीचा कायदा. सभागृहात चाललेले आमच्या शाखेतल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येई, म्हणून उत्तरे मलाही पाठ झाली. विचार चालू आहे. मसुदा तयार होत आहे. अंतिम टप्प्यात आहे. आणि सगळ्यांत जास्त वेळा, लवकरच. मित्रांनो, माझ्या पट्ट्यांवर एकतीस दिवस आहेत, बारा महिने आहेत, बारा वर्षे आहेत. ‘लवकरच’ कुठेच नाही. तो शब्द ऐकला की माझे रबर आखडे.

सिस्टर मात्र चिडत नसत. नवा कागद, तेच सुवाच्य अक्षर. आणि दर वेळी त्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढून येत. आमच्या इमारतीतली लिफ्टही जुनीच होती आणि तिच्या तपासणीचा कागद कुणी पाहिला नव्हता. गुडघे दुखत, तरी सिस्टर तिच्यात पाय ठेवत नसत. धापा टाकत येत, खुर्चीत बसत, काका पाण्याचा ग्लास पुढे करत. “सिस्टर, कागद शिपायाकडे द्यायचा की.” त्या हसत. “काका, हा मामांचा कागद आहे. मीच आणणार.” असा अकरा वेळा तो कागद मी माझ्या शाईने पक्का केला.

माझे बारावे वर्ष लागले. सभागृहाची मुदत संपत आली होती आणि सिस्टरांनी जाहीर केले होते, की गुडघे ऐकत नाहीत, पुन्हा उभी राहणार नाही. म्हणजे हे शेवटचे अधिवेशन. आता प्रश्न लागला नाही तर तो विचारणारेच कुणी उरणार नव्हते. काकांच्या निवृत्तीलाही सहाच महिने होते.

प्रश्न घेण्याचा शेवटचा दिवस. भिंतीवरचे घड्याळ सकाळी बंद पडले होते. काकांनी स्टुलावर चढून नवा सेल घातला आणि सवयीने मनगटाकडे पाहून काटे लावले. तुमच्या लक्षात आले ना? माझ्या आले नाही. भिंतीवर तीन वाजले, काकांनी माझे चाक पुढे सरकवले आणि मिनिटभरात सिस्टर दारात आल्या. जिन्यात दोनदा बसावे लागले होते त्यांना. काकांनी कागद घेतला, क्षणभर माझी मूठ घट्ट धरली आणि ठप्प. उद्याची तारीख.

सिस्टरांनी ती पाहिली. मग आपले नाडी मोजायचे घड्याळ पाहिले. “काका, माझ्यात तीनला चार मिनिटं कमी आहेत.”

“सिस्टर, इथं भिंतीवरचंच धरतात.” काकांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “माझा नाइलाज आहे.”

सिस्टर वळल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. आणि मित्रांनो, तेवढ्यात खालच्या छापखान्याचा भोंगा वाजला. तो रोज बरोबर तीनला वाजतो. काकांनी भिंतीकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्या क्षणी ते जिन्याकडे धावले. “सिस्टर, थांबा! चूक माझी आहे! वर येऊ नका, मीच कागद आणून दाखवतो!”

परत येऊन त्यांनी माझे चाक एक दाता मागे फिरवले. मी आयुष्यात पहिल्यांदाच मागे फिरलो. जुन्या शिक्क्याशेजारी माझा नवा शिक्का उमटला आणि काका त्याखाली पेनाने लिहू लागले.

शाखेच्या मुख्य मॅडम जवळ आल्या. “अहो काका, लिहिता कशाला? नवा कागद घ्या, शिक्का मारा, मोकळे व्हा. सहा महिने राहिलेत तुमचे. कशाला डाग लावून घेता?”

“मॅडम,” काका मान वर न करता म्हणाले, “गुपचूप मारला तर मी सिस्टरांवर मेहेरबानी केली असं होईल. लिहिलं तर नुसती माझी चूक होईल.” आणि त्यांनी लिहिले: ‘घड्याळ मी पाच मिनिटे पुढे लावले होते. प्रश्न तीनच्या आत आला. चूक माझी.’ खाली सही.

व्हायचे तेच झाले. वजनदार सदस्यांनी आकाशपाताळ एक केले. “माझ्या वेळी तीन म्हणजे तीन, आणि आता?” कागद अध्यक्षांपर्यंत गेला. त्यांनी काकांच्या चार ओळी दोनदा वाचल्या म्हणे, छापखान्यात भोंग्याची वेळ विचारली आणि प्रश्न घेतला. काकांना लेखी समज मिळाली. निष्कलंक नोकरीतला पहिला आणि शेवटचा कागद. काकांनी तो वाचला, घडी केली आणि त्याच्या पोचपावतीवरही तारीख मलाच उठवायला लावली.

प्रश्नाचा दिवस आला. आमची सगळी शाखा काम थांबवून स्पीकरखाली उभी. मंत्र्यांचा आवाज आला, “विधेयक अंतिम टप्प्यात आहे. लवकरच मांडू.”

मग सिस्टर बोलल्या. “मंत्रिमहोदय, हे बारावं उत्तर, आणि पुन्हा ‘लवकरच’. वॉर्डात पेशंटच्या तक्त्यावर मी ‘औषध लवकरच’ असं लिहिलं असतं, तर तुमच्याच सरकारनं मला घरी बसवलं असतं. मी वेळ लिहायचे आणि त्या वेळेला उभी असायचे. मला तारीख हवी आहे.”

सभागृह हसले. अध्यक्ष म्हणाले, “मंत्रिमहोदय, तारीख सांगा.” कागदांची सळसळ ऐकू आली. कुणीतरी खोकले. “सतरा,” मंत्री म्हणाले. “याच महिन्याची सतरा.” काकांनी चष्मा काढून पुसला. माझ्या दिवसांच्या पट्ट्यावर सतरा किती वेळा आले असेल! पण त्या सतराची मी जशी वाट पाहिली, तशी कुठल्याच तारखेची पाहिली नाही.

मांडायच्या विधेयकावरही तारीख आमच्याच टेबलावर पडे, म्हणून सतराला काका सकाळपासून दाराकडे डोळे लावून होते. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. जेवणाचा डबा तसाच राहिला. अडीच झाले. भिंतीवरचे घड्याळ आता भोंग्यावर लावलेले होते, तेही पुढे पळत असल्यासारखे वाटत होते. तीनला वीस मिनिटे असताना मंत्र्यांच्या कार्यालयातला शिपाई गठ्ठा घेऊन आला. वरच्या पानावर लिहिले होते, लिफ्ट तपासणी विधेयक. काकांनी मला शाईवर दोनदा टेकवले आणि असे दाबले, की टेबल हलले. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत स्वच्छ ठसा. दोन दिवस चर्चा झाली आणि कायदा मंजूर झाला.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी काका निवृत्त झाले. माझा वर्षांचा पट्टाही त्याच दिवशी संपला. काकांनी मला मऊ फडक्याने पुसले, प्रत्येक दाता साफ केला. तेवढ्यात दारात सिस्टर. आता त्या सदस्य नव्हत्या, पाहुण्या म्हणून आल्या होत्या. काका सवयीने पाण्याचा ग्लास भरायला उठले.

“राहू द्या काका,” त्या म्हणाल्या. “आज दम नाही लागला.”

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मागे, व्हरांड्याच्या टोकाला, लिफ्टचे दार मिटत होते.

आता मी त्याच टेबलाच्या खालच्या खणात, वाळलेल्या पेनांच्या आणि गंजलेल्या टाचण्यांच्या सोबतीने पडून आहे. वर एक यंत्र आले आहे, ते मिनिटासकट वेळ छापते. चांगले आहे बिचारे. माझे रबर तडकले, कुणी मला शाई दाखवत नाही. एवढेच वाटते मित्रांनो, की जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा पुसून पाहाव्यात, त्यांच्यामागे कुणाच्या तरी हातची चांगली कामे असतात. आणि कुणाला शब्द दिलात तर सोबत तारीखही द्या, चुकलात तर काकांसारखे सही करून चूक सांगा. लिफ्टमध्ये शिरलात की बटणांच्या वर लावलेला कागद वाचा. त्यावर तपासणीची तारीख असेल. नसेल, तर विचारा.