रडणारी करवंटी

भवानी पेठेतल्या बंद पडलेल्या मागाच्या शेडपुढं सकाळी सातलाच पाय ठेवायला जागा नव्हती. पौषाचा गारठा, तोंडातून वाफा, आणि तरी बायका अनवाणी उभ्या. आत तिप्पय्या महाराजांनी पडदा सरकवला. मागं काळ्या दगडाची काळम्मा, डोळ्यांना भस्म फासलेलं. महाराजांनी दोन पेटत्या समया तिच्या गालांशी सरकवल्या आणि गळा काढला, "आई! लेकरांचं दुःख बघ! तुला पाझर फुटू दे!"

थोड्या वेळात फुटला. दगडाच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला, मागोमाग दुसरा. गर्दी हुंदके द्यायला लागली. महाराज ते अश्रू कापसाच्या बोळ्यावर टिपून रोग्यांना वाटू लागले.

"फक्त थंडीचे दोन महिने हं! उन्हाळ्यात आई तपाला बसते, तेव्हा रडत नाही. आणि समईला खोबरेलच आणा. करडईचं, शेंगदाण्याचं आईला सोसत नाही."

दगडाला सोसत नाही म्हणे! एरवी सुंदरम्मानं अशा माणसाला उभा सोलला असता. तिच्या तोंडापुढं पेठेतले मुकादमसुद्धा टिकत नसत. पण आज तिच्या कडेवर सहा वर्षांची नात होती. हेमावतीला दोन दिवस ताप, मान सुजलेली, थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी.

"अत्ती, दवाखान्यात नेऊ या की," सून दाक्षायणी सासूला म्हणाली. "तिला पाणीबी गिळंना."

"मी पाच पोरं वाढिवली. तू मला शिकवू नगंस."

महाराजांनी बोळा तिच्या हातावर ठेवला. सुंदरम्मानं तो नाकाशी नेला आणि थबकली. मरवा! ओल्या नारळाचा चव पिळून, ते दूध रात्रभर ठेवून, वर आलेली साय मंद आचेवर कढवायची. चोथा तांबूस झाला की कढईत मरव्याची काडी टाकायची. असं तेल अख्ख्या पेठेत एकटी सुंदरम्मा करी. बाजारचं तेल तिनं घरात येऊ दिलं नव्हतं. मागच्याच सोमवारी तिनं समईसाठी तांब्याभर दिलं होतं.

"दाक्षायणी, हुंग! माजं तेल हाय हे. एवढ्या बायकांत आईनं माजं तेल डोळ्यांत घेतलं!"

दाक्षायणीनं हुंगलं. "तेल तुमचं, तर मग आसवं कुटली, अत्ती?"

"गप! देवाच्या दारात वाकडं बोलती."

पण हा प्रश्न तिला नीट ऐकू आला होता. अभिमानानं फुगलेल्या छातीत त्याला जागा मिळाली नाही, एवढंच.

तीन दिवस ती हेमाच्या गळ्याला ते अश्रू चोळत राहिली. चौथ्या पहाटे पोरीच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा नबीसाबाचा टांगा बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. आत पांढरा पडदा धरलेला.

"घटसर्प आहे, आजी. याच्यावर औषध असतं. वेळेत आणायला हवं होतं."

दुपारी हेमा गेली.

दाक्षायणी त्यानंतर सासूशी बोलली नाही. भाकरी समोर ठेवायची आणि निघून जायची. सुंदरम्मा वाट बघायची, सुनेनं एकदा तरी शिवी द्यावी. ती देत नव्हती.

सातव्या सकाळी सुंदरम्मानं माठांमागच्या ओल्या, थंड कोपऱ्यातली तेलाची बरणी काढली. तेल मेणासारखं थिजलेलं, आणि त्यात एका बोटाची खोल खूण. "चमचा घे की गं भवाने, बोट घालू नगं," असं रोज ओरडलं तरी हेमा वेणीच्या वेळी बोटच घालायची.

सुंदरम्मा खुणेकडं बघत बसली. सवयीनं बरणी चुलीजवळ सरकवली. कडेचं तेल सुटू लागलं, एक थेंब काचेवरून ओघळला. तिनं झटक्यानं बरणी मागं ओढली.

थिजलेलं तेल. ऊब. थेंब. करडईचं चालत नाही, कारण ते थिजत नाही. उन्हाळ्यात रडत नाही, कारण उन्हाळ्यात खोबरेल थिजत नाही. पन्नास वर्षं जे हाताला ठाऊक होतं, ते डोक्यापर्यंत पोचायला एक पोर जावी लागली.

तिनं करवंटीच्या दोन डोळ्यांना खिळ्यानं भोकं पाडली. आतून तेल थापायला चमचा घेतला. बोटाच्या खुणेवर आल्यावर हात थांबला. मग चालला.

आरतीच्या वेळी ती शेडमधली गर्दी चिरत पुढं गेली. राख फासलेली करवंटी आणि शेजारी रिकामी बरणी चौथऱ्यावर ठेवली आणि महाराजांचीच एक समई उचलून जवळ आणली.

"बघा. माजी करवंटी रडती का न्हाय ते बघा."

राख ओली झाली. दोन्ही डोळ्यांतून थेंब सुटले. मागच्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या.

"बाई शोकानं भ्रमिष्ट झाली आहे!" महाराज ओरडले. "तुझी श्रद्धा कमी पडली, म्हणून पोर गेलं!"

"कमी न्हाय पडली, मेल्या. लई झाली हुती." सुंदरम्मानं मूर्तीला हात घातला. "मी फिरिवते हिला. पाप लागायचं ते मला लागून गेलंय."

मूर्तीच्या डोक्याला मागून कोरलेली पोकळी होती. आत थापलेलं पांढरं तेल. मरव्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

"मला पयल्या दिशीच ह्यो वास वळखू आला हुता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सुनंनं इचारलंबी. मी तिचं तोंड दाबलं, कारण माज्या तेलाचा मान झाला हुता. खोबरेल गारठ्यात थिजतं, ऊब लागली की वितळतं. तुमा समद्यांच्या घरात हेच हुतं. मी इचारलं न्हाय, तुमी तरी इचारा. दगड रडला तर त्येच्या मागं जाऊन बघा. आन् पोर तापलं तर आदी दवाखाना."

मोहोळहून आलेली एक बाई पदराखाली कण्हणारं लेकरू घेऊन उभी होती.

"किती दिस ताप?" सुंदरम्मानं विचारलं.

"कालपासनं."

गर्दीमागून दाक्षायणी पुढं आली. ती कधी आली, कुणी पाहिलं नव्हतं. तिनं त्या बाईचं लेकरू घेतलं, बाहेर उभ्या नबीसाबाच्या टांग्यात ठेवलं, बाईला वर चढवलं. मग परत आत येऊन चौथऱ्यावरच्या रिकाम्या बरणीकडं बघितलं.

"तिच्या बोटाचं तेल... समदं वापरलं?"

सात दिवसांतला पहिला शब्द.

"समदं."

दाक्षायणी टांग्यात बसली. मागं वळून बघितलं नाही. सुंदरम्मा बरणी पोटाशी धरून रस्त्यात आली आणि फुटक्या आवाजात ओरडली,

"नबीसाब, पळीव घोडं! या खेपंला अजून येळ हाय!"