डोंग्याचा लाल दोरा

आलापल्लीच्या प्रदर्शनाला जायला एकच दिवस उरला होता आणि इकडे समाजमंदिरात भांडण पेटलं होतं. महिला बचत गटाच्या अध्यक्ष गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोर सतरंजीवर सगळ्या गावाने मिळून केलेला कांथा पसरला होता. गिरजाबाईंचं बोट त्याच्या एका कोपऱ्यातल्या लाल होडीवर रोखलेलं होतं.

"हे काय काहाडलं वो तू?"

"डोंगा," रीता मंडल म्हणाली.

"डोंगा हाये ते मलेबी दिसते. आपल्या गावात डोंगा कुठी? नाला तं उनाळ्यात कोरडा पडते. हा तुमच्या तिकडचा डोंगा हाये. बांगलादेशातला!"

कांथा म्हणजे जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून धावत्या टाक्याने शिवलेली पातळ गोधडी. रीताची आजी पूर्व बंगालातलं घरदार सोडून निघाली, तेव्हा ही कला तेवढी बरोबर घेऊन आली. सरकारने त्या लोकांना गडचिरोलीच्या जंगलात जमिनी दिल्या. त्यांच्या वस्तीला गाव आजही 'कॅम्प'च म्हणतं. रीताचा जन्म इथला, शाळा इथली, आणि ती भांडते तेही गिरजाबाईंच्याच बोलीत. पण कॅम्पातली पोरगी वर्गात पहिली आली तरी बांगलादेशी आणि नापास झाली तरी बांगलादेशीच! असा आपला न्याय.

प्रदर्शनात प्रत्येक गावाने आपली ओळख सांगणारं एक कापड लावायचं होतं. तेव्हा याच गिरजाबाई रीताच्या दारी गेल्या होत्या. गावात असं शिवणारं दुसरं कोणी नव्हतं ना! रीताने घरोघरच्या साड्या मागितल्या. एकीने कोरी साडी पुढे केली, ती रीताने परत दिली.

"नवं नाई चालत बाई. अंगावरून उतरलेलंच पायजे. अन दोराबी इकत नाई घ्याचा. काठातला काहाडाचा."

गिरजाबाईंनी पेटीच्या तळातून आपल्या आईचं लाल काठाचं लुगडं काढून दिलं होतं. त्यांचं माहेर घुग्घुसकडचं. ते गाव कोळशाच्या खाणीत गेलं, घर गेलं, विहीर गेली. उरलं ते हे लुगडं. देताना त्या रीताजवळ बसून खूप बोलल्या, रडल्याही. मग डोळे पुसून घरी गेल्या आणि आपण काय बोललो ते विसरून गेल्या.

आता कापड तयार होतं. मोहाचं झाड होतं, धानाची खाचरं होती, अंगणातला तुळशीचा ओटा होता. आणि कोपऱ्यात तो लाल डोंगा होता.

"उसव थो," गिरजाबाई म्हणाल्या.

"मी नाई उसवत. काऊन उसवू? गाव माह्यं नाई काय?"

"राहून राह्यली तं राय ना! कोण हाकलून राह्यलं? पण आमच्या कपड्यावर तुमचं चित्र नको. लोकं काय म्हणतीन?"

रीताचा आवाज चढला. "माह्या करिष्माले शाळेत पोरं बांगलादेशी म्हणून चिडवते. पोरगी शाळेत जात नाई म्हणते. मी तिले सांगतलं, पाय, गावाच्या कपड्यावर आपला डोंगा चालला, आता कोणी नाई म्हणणार तुले. आता तिले काय सांगू? तुमी डोंगा उसवला तं मी या गटात नाई. अन पोरीले घेऊन या गावातूनबी चालली जाईन!"

"जाय मंग!"

बाकीच्या बायका खाली माना घालून बसल्या होत्या. अशा वेळी आपणही असेच बसतो, आणि वर स्वतःला भलं माणूस समजतो!

गिरजाबाईंनी ब्लेड उचललं आणि डोंग्याच्या टोकाला पहिला टाका कापला.

दाराशी बसलेली म्हातारी सोमारीबाई तेव्हा बोलली. ती गोंड आदिवासी, गावातली सगळ्यांत जुनी बाई. "थांबू नको गिरजा. डोंगा झाला का थो तुळशीचा ओटाबी उसव."

"ओटा काऊन? ओटा तं आमचा हाये!"

"थेच तं म्हणून राह्यली. ओटा तुमी आणला. आमच्या बुढ्याच्या वक्ताले इथी रान होतं, अन आमच्या पेनाची, आमच्या देवाची जागा होती. तुमी आले तवा आमाले कोणी इचारलं नाई. कॅम्पवाले आले तवाबी नाई इचारलं. मी म्हटलं काय कधी, जा म्हणून? बाहेरच्याचं उसवाचं तं समदं उसव. माह्यं मोहाचं झाड ठेव फक्त."

"तुमाले काय समजते!" गिरजाबाई फणकारल्या आणि दोरा ओढू लागल्या. टाके सुटले तसे आतले थर घसरले, चांगल्या कापडाला तिथे फुगा आला. लांबच लांब लाल दोरा त्यांच्या बोटांत आला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उजेडात धरला. हा लाल रंग त्यांनी कुठेही ओळखला असता.

"हा कोणाच्या काठातला दोरा?"

रीता म्हणाली, "तुमच्या मायच्या."

"माह्या मायचा दोरा तू या डोंग्याले लावला? काऊन?"

"तुमीच सांगतलं ना मले, तुमची माय ट्रकात बसली अन घरची इहीर दिसे तवरीक पलटून पायत होती. माह्या आजीनंबी डोंग्यातून तसंच पायलं होतं. घर सोडून आलेल्या बाईचा दोरा मले अजून कोणाकडं भेटला असता?"

अरे देवा! हे काय केलं आपण! गिरजाबाईंनी ब्लेड बाजूला ठेवलं. लहानपणी नव्या गावात त्यांना पोरं 'खाणवाली' म्हणून चिडवायची. त्या शाळेला जायच्या नाहीत, आईच्या याच लुगड्याआड लपायच्या. आणि आज त्यांनीच आईच्या दोऱ्याचे टाके ब्लेडने कापले होते.

"रीता, चुकलं वो माह्यं. शिव ना पुन्हा."

"मी नाई शिवत. तुमी उसवला, तुमीच शिवा."

रीताने सुई पुढे केली आणि तोंड फिरवलं. गिरजाबाईंनी निमूट सुई घेतली. बोटं टोचली, दोरा गुंतला, पण त्या उठल्या नाहीत. खाली माना घातलेल्या बायका पुढे सरकल्या आणि त्यांनी घसरलेले थर धरून ठेवले. दिवेलागणीपर्यंत डोंगा झाला, पण एका बाजूला पार कलंडलेला.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीत एका बाईने विचारलंच, "एवढ्या सुंदर कामात हा डोंगा असा वाकडा कसा?"

रीताने नुसतं गिरजाबाईंकडे पाहिलं. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि का जावा? तिच्या पदराला धरून करिष्मा उभी होती.

"थो मी शिवला," गिरजाबाई म्हणाल्या. "रीतानं सरळ शिवला होता, मी उसवला. आमच्या गावाचा डोंगा हाये थो."

मंडळी, कोणाला बाहेरचं म्हणायची जीभ वळवळली, तर आधी आपल्या घरच्या एकदोन पिढ्या मागे जाऊन बघा. तिथेही कोणी तरी गाडीत नाही तर होडीत बसून मागे वळून पाहत असेल. त्या माणसाला कोणी तरी जागा दिली, म्हणून आज आपण 'आमचं गाव' म्हणतो. तेवढी जागा आपणही द्यायला शिकलं पाहिजे.

परतताना गिरजाबाईंनी तो कांथा घडी करून करिष्माच्या हातात दिला. "धर वो पोरी, नीट धर. उद्या शाळेत घेऊन जाजो. मीबी येईन संग."