दोन कुलपांची पेटी

संगणक बंद पडला तेव्हा काट्यावर झुंबरबाईचं दूध होतं.

"पडला! म्हटलं नव्हतं?" झुंबरबाईने मागे वळून रांगेला सांगितलं. "माझीच म्हस बरी दिसती ह्याला."

रांग हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. कोणीतरी किटली फरशीवर आपटली. दूध संस्थेच्या खिडकीच्या आत बसलेली सचिव संयोगिता काळ्या पडद्याकडे बघत राहिली. वजन काट्यावर दिसत होतं, फॅट मशीनवर आकडाही आला होता. पण पावती निघाल्याशिवाय तो आकडा कुठेच नोंदला जात नव्हता. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं तर दूध नासणार, आणि हाताने आकडा लिहायचा तर तो कोणी मानणार नाही.

"लिही की हातानं," झुंबरबाई म्हणाली. "त्येच पायजे न्हवं तुला? बटणवाली!"

संगणक बाईच चोरबटण दाबून बंद पाडते अशी चर्चा होती, आणि हे नाव गावात रुळलं होतं. शाळेत संयोगिताच्या मुलीला पोरं 'बटणवालीची' म्हणत. मुलीने घरी येऊन विचारलं होतं, "आई, तू खरंच दाबतीस काय?"

कोडोलीच्या पलीकडच्या त्या गावात दूध संस्था एक आणि गट दोन. वरची गल्ली चेअरमन विजयसिंहांची, खालची गल्ली सयाजीआण्णांची. संयोगिताचं सासर वरच्या गल्लीत, एवढ्यावरून खालच्या गल्लीने तिला चेअरमनच्या गटात धरलं होतं. आणि संगणक संध्याकाळी बंद पडायचा तो खालच्या गल्लीच्या नंबराला. वरच्या गल्लीच्या पावत्या सुरळीत निघायच्या, खालच्या गल्लीच्या किटल्या पुढे आल्या की पडदा काळा. ज्याला दोन डोळे आहेत त्याला यात संशय येणारच, असं सयाजीआण्णा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. येत्या रविवारच्या सभेत एकच विषय होता: सचिवांना काढून टाकणे.

संगणकाचा मुख्य डबा प्लायवूडच्या पेटीत होता. मागच्या निवडणुकीनंतर कोणीतरी आत हात घालून फॅटचे आकडे बदलतो, अशी आवई उठली. तेव्हा दोन्ही गटांनी मिळून ही पेटी करून घेतली होती. तिला दोन कुलपं. एकाची किल्ली विजयसिंहांकडे, दुसऱ्याची सयाजीआण्णांकडे. सुरू करायच्या बटणासमोर बोट जाईल एवढं भोक. संगणक बंद पडायला लागल्यावर सयाजीआण्णांना वाटलं, बाई वायरींच्या फटीतून काहीतरी खुपसते. मग दोन्ही गटांच्या देखत त्या फटी पुट्टीने बुजवल्या. त्यानंतर संगणक आणखी लवकर बंद पडू लागला. सयाजीआण्णांच्या मते याचा अर्थ एवढाच होता, की बाई आता चिडली आहे.

बाकी सगळं करून झालं होतं. यूपीएसची बॅटरी बदलली, वायरमनने बोर्ड नवा बसवला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला. विजयसिंहांनी नृसिंहवाडीहून अंगारा आणून पेटीला लावला. फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरहून शशिधर आला. तो मूळचा गडहिंग्लजकडचा, राजारामपुरीतल्या एका दुकानात संगणक दुरुस्तीला होता. त्याने पेटी बघितली आणि बॅग खाली ठेवलीच नाही.

"ह्ये काय ओ? संगणक तिजोरीत घातलाय व्हय?"

"उघडायची किल्ली माझ्याकडं न्हाय," संयोगिता म्हणाली.

"मग मला कशाला बोलवलाय? आरती करायला?" तरी त्याने संगणक चालू केला, थोडा वेळ चालू ठेवला आणि मग पेटीच्या वरच्या फळीवर तळहात टेकला. "आत पंखा असतोय. त्याला वारा लागतोय. तुम्ही सगळं चिणून टाकलाय. उघडा, मग बघू."

तिने दोघांना फोन केले. दोघेही आले, दोन बाजूंना उभे राहिले आणि एकमेकांकडे न बघता बोलू लागले.

"आधी त्यांना म्हणावं, त्यांचं कुलूप काढा," विजयसिंह म्हणाले.

"मी काढतो, आणि ह्यो पावणा आतलं बटण उपसून खिशात घालतो," सयाजीआण्णा म्हणाले. "खुळा हाय व्हय मी? रविवारी सभेपुढं उघडू."

"सभेपुढं संस्थेचा तमाशा करायचाय तुम्हास्नी."

"तमाशा कवाच सुरू झालाय. तिकीट तेवढं ऱ्हायलंय."

"काय ओ," शशिधर मधे बोलला, "तुमचं भांडण जुनं दिसतंय, ते चालू द्या. मला गाडी हाय." दोघांनीही त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बॅग खाली ठेवली.

संयोगिता पेटीकडे बघत होती. शशिधरने हात टेकला होता तिथे तिनेही हात टेकला. फळी कोमट होती, आणि संगणक तर थोड्या वेळापूर्वीच सुरू केला होता. मग तिने मोबाईल उचलून सभासदांच्या ग्रुपवर लिहिलं, की आज संध्याकाळी खालची गल्ली आधी, वरची गल्ली नंतर.

विजयसिंहांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं. "कुणाला इचारून?"

"रांग लावायचं काम सचिवाचं हाय, साहेब. रविवारपातूर सचिव मीच हाय."

"ह्यात काय डाव हाय?" सयाजीआण्णांनी डोळे बारीक केले.

"डाव न्हाय, आण्णा. संध्याकाळी या आणि माझ्या हातांकडं बघत बसा."

शशिधरला तिने थांबवून घेतलं. त्याला वरच्या गल्लीतून भाकरी आणि पिठलं आणून दिलं, तेव्हा तो थोडा नरमला.

संध्याकाळी खालची गल्ली शिव्या देतच आली. त्यांचे गोठे ओढ्यापलीकडे शेतात. तिथून धार काढून यायला उशीर व्हायचा, म्हणून ते नेहमी मागून यायचे. आज त्यांना घाईने यावं लागलं होतं.

"येळेआधी कास धरली, तर म्हशीनं पान्हा चोरला," झुंबरबाईने किटली पुढे ढकलली. "हे दूध कमी आलंय ते तुझ्या नावावर घाल."

संयोगिताने आज खुर्ची खिडकीला अगदी चिकटवून घेतली होती. पावती फाडून दिली की ती दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायची. झुंबरबाईची पावती निघाली. तिच्या मागची निघाली. खालच्या गल्लीच्या सगळ्या पावत्या निघाल्या. झुंबरबाई पावती उलटसुलट करून बघत बाजूला उभी राहिली. बाकीचेही घरी गेले नाहीत.

मग वरची गल्ली. पहिले काहीजण सुटले. विजयसिंहांकडचं दूध रोज गडी आणायचा, आज ते स्वतः किटली घेऊन आले होते. दूध काट्यावर गेलं, फॅट मशीनवर आकडा उमटला आणि पडदा काळा झाला.

संयोगिताचे दोन्ही हात कट्ट्यावर होते.

आधी खालची गल्ली हसली. शिट्टी वाजली. "चेअरमन, म्हशीला पुढच्या येळंला अंगारा लावा!"

"आज त्यांचं नीट निघालं आणि माझ्यावर बंद पडला?" विजयसिंहांचा आवाज चढला. "कवा फिरलीस तू त्यांच्याकडं? माझ्या गल्लीत ऱ्हातीस तू, ध्यानात ठेव!"

"आमच्याकडं?" सयाजीआण्णा पुढे आले. "काल माझ्या माणसांवर दाबलं, आज तुमच्यावर. ही कुणाचीच न्हाय, चेअरमन. मनात येईल त्येच्यावर दाबती."

"हात बघा की माझे," संयोगिता म्हणाली.

"हात काय बघायचे? पायाखाली असंल बटण!"

"पेटीत असंल."

"पेटीतच हाय."

शेवटची दोन वाक्यं कोण बोललं हे कळलं नाही. एक वरच्या गल्लीतून आलं, एक खालच्या. विजयसिंह आणि सयाजीआण्णा एकमेकांकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं असेल, सांगता येत नाही. मग दोघेही आत आले आणि दोघांनी एकाच वेळी किल्ल्या काढल्या.

झाकण उघडताच सयाजीआण्णांनी तोंड आत घातलं आणि तितक्याच झटक्याने बाहेर काढलं. भट्टीचं दार उघडावं तशी हवा आली. शशिधरने त्यांना कोपराने बाजूला केलं आणि वायरी पुट्टीतून मोकळ्या करून, डबा बाहेर ओढून त्याचा बाजूचा पत्रा काढला. बटण नव्हतं. तार नव्हती. शेजारच्या भिंतीला पशुखाद्याची पोती रचलेली होती. तिथला भुसा आणि पेंडीची पूड फटी बुजवायच्या आधीच आत जाऊन पंख्याची पाती दिसेनाशी झाली होती.

"तापलं की हे आपलं आपण बंद पडतंय," शशिधर म्हणाला. "आतलं जळू नये म्हणून तशी सोयच असतीया. थंड झालं की परत चालू. कुणी दाबाय नको."

"मग आमच्याच नंबराला कसं?" सयाजीआण्णा अजून आत वाकून बघत होते.

"तुम्ही मागनं येता म्हणून," संयोगिता म्हणाली. "वरच्या गल्लीचं उरकेपर्यंत मशीन तापतंय. मग तुम्ही येता. आज वरची गल्ली मागनं आली. सकाळी गारवा असतोय, तवा कुणावरच पडत न्हाय. फटी बुजवल्यावर लवकर पडाय लागला, ते तुम्हीच सांगत होता की."

शशिधरने ब्रशने पंखा झाडला. भुशाचा ढग उठला आणि चेअरमनना शिंका आल्या. डबा उघडाच टेबलावर ठेवून त्याने संगणक सुरू केला. पंख्याचा आवाज पहिल्यांदा बाहेर ऐकू आला.

विजयसिंहांनी नाक पुसलं. "बरं. आता बसवा परत पेटीत."

"कुलपं लावून," सयाजीआण्णा म्हणाले.

शशिधर दोघांकडे बघत राहिला. "मग परत तापणार की, ओ!"

"जाळी बसवू," सयाजीआण्णा म्हणाले.

"जाळीतनं तार जाती."

"बारीक जाळी बसवू. पर उघडं ठेवायचं न्हाय. उद्या कोण आत हात घालील त्येचा भरवसा काय?"

"त्ये मात्र खरं," विजयसिंह म्हणाले.

संयोगिता खुर्चीवरून उठली. तिने रिकामी पेटी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर नेली. तिथे किटल्या धुवायच्या पाण्याचा बंब धगधगत होता. तिने पेटी फरशीवर आडवी टाकली आणि टाचेने एक बाजू मोडली. प्लायवूड चांगलं होतं, दुसरी बाजू मोडायला दोनदा लाथ घालावी लागली. ती एकेक फळी बंबाच्या तोंडात सारू लागली.

"अगं ए! संस्थेची मालमत्ता हाय ती!" विजयसिंह दारात आले होते.

"रविवारी सभेत घ्या तोही विषय. मला काढायचं तर काढा." तिने शेवटची फळी आत ढकलली. "आज दूध घ्यायचं ऱ्हायलंय."

ती परत खिडकीत येऊन बसली आणि चेअरमनच्या दुधाची पावती फाडली. त्यांनी घेतली नाही, म्हणून ती कट्ट्यावर ठेवली आणि पुढच्याची किटली मागितली. वरची गल्ली कुरकुरत पुढे सरकली. एकाने पावती घेताना म्हटलं, "फॅट कमी दाखवलंस."

"म्हशीला इचारा."

रांग संपेपर्यंत पडदा काळा झाला नाही. खालच्या गल्लीतली माणसं तेच बघायला थांबली होती आणि काही जणांचे चेहरे बघता त्यांना तो व्हावा असं वाटत होतं. मागच्या बाजूला झुंबरबाई किटली विसळत होती.

"पाणी बरं तापलंय आज," ती तिथूनच ओरडली. मग हात पदराला पुसत खिडकीशी आली. "रविवारी मी तुझ्या बाजूनं हात वर करीन असं समजू नगंस. माझं कालचं दूध नासलंय."

"नका करू, मावशी."

शशिधरने बॅग उचलली. विजयसिंह आणि सयाजीआण्णा टेबलाजवळ उभे होते. दोघांच्याही हातात आपापलं उघडं कुलूप होतं आणि ते लावायला आता काही नव्हतं.

"दोघंबी जरा हिकडं बघा," संयोगिता म्हणाली.

तिने दिवसाचा हिशोब जतन केला, संगणक बंद करण्याचा हुकूम दिला आणि हात मागे घेतला. पडदा काळा झाला. पंखा थांबला.

"आता मी बंद केला," ती म्हणाली. "रांग संपल्यावरचा तेवढा माझा. मधला एकबी न्हाय."

तिने पिशवी उचलली. दोघे दारातून बाजूला होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.